उरलेलं अंतर

आमची नात ज्या वर्षी जन्मली त्याच वर्षी आमच्या ह्यांनी मोठी मोटरसायकल घेतली. आधी गाडी आली, मग नात. कौतुक मात्र बाबांनी गाडीचंच जास्त केलं, असं माझी मुलगी तेव्हा चिडवायची.

हे बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. निवृत्त झाले त्या दिवशी हार काढून ठेवता ठेवता म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या पोटाखाली झोपलो. आता एकीच्या पाठीवर बसतो." मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. दोन महिन्यांनी गाडी दारात उभी.

लांबच्या प्रवासाला बनवलेली गाडी ती. अंगाने म्हशीएवढी. मागच्या सीटला टेकायला पाठ, दोन्ही बाजूंना कुलपाच्या पेट्या, आणि पुढे दोन हँडलांच्या मधोमध हाताच्या पंजाएवढा पडदा. त्या पडद्यावर नकाशा. तो कंपनीनेच गाडीत बसवून दिलेला, वेगळा फोन लावायला नको. जायचं ठिकाण सांगितलं की तिथे एक लाल झेंडा लागायचा, झेंड्याखाली गावाचं नाव यायचं, गाडीपासून झेंड्यापर्यंत निळी रेघ उमटायची आणि खाली कोपऱ्यात अक्षरं यायची: उरलेलं अंतर. शेजारी आकडा. शोरूमवाल्यांनी भाषा आपली लावून दिली होती.

त्यात बाईचा आवाजही होता. पहिल्याच दिवशी चौकात ती बाई हेल्मेटमध्ये म्हणाली, "पुढे डावीकडे वळा." मी म्हणाले, "एवढ्या वर्षांनी सवत आणलीत, तीही बोलकी!" हे इतके हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. मग त्यांनी तिचा आवाज बंदच करून टाकला. "एका वेळी एकच बाई पुरे," म्हणाले.

तेव्हापासून पडदा मी वाचायचे. ह्यांना लांबचं घारीसारखं दिसायचं, पण जवळचं सगळं धूसर. हेल्मेटमध्ये चष्मा घातला की काचेवर वाफ धरायची. म्हणून मी मागे बसून त्यांच्या उजव्या खांद्यावरून डोकावायचे आणि वाचून दाखवायचे. दोन्ही हेल्मेटांत बोलायचं यंत्र होतं, त्यामुळे ओरडावं लागायचं नाही. ते म्हणायचे, "वाच गं," आणि मी वाचायचे.

मी अक्षरं शिकले ती चाळिशी उलटल्यावर. डेपोच्या वाचनालयातल्या बाई आठवड्यातून दोन दुपारी आम्हां बायकांना शिकवायच्या. मनातल्या मनात वाचायला मला अजूनही जमत नाही, ओठ हलतातच. आणि जोडाक्षर आलं की मी चढावरच्या जुन्या बससारखी अडते, थोडी मागे येते, मग पुन्हा जोर लावून चढते. हे मला मास्तरीणबाई म्हणायचे. वाटेतल्या पाट्या, दुकानांची नावं, ट्रकच्या मागे लिहिलेलं, सगळं मी मोठ्याने वाचायचे. एकदा मी गप्प बसले तर म्हणाले, "काय झालं? गाडीचा एक आवाज कमी वाटतोय."

ह्यांची आणखी एक शिस्त सांगायला हवी. मी बसण्याआधी मागचे दोन फूटरेस्ट ते स्वतः वाकून हाताने उघडायचे. मी उतरले की बुटाच्या टोकाने मिटायचे. आधी डावा, मग उजवा. "माणूस नसताना उघडं ठेवलेलं काहीही कुठेतरी अडकतं," हे त्यांचं डेपोतलं वाक्य. मी उतरून कुंपणाचं फाटक लावेपर्यंत मागे खट, खट असे दोन आवाज व्हायचेच.

नात दिवस भरायच्या आधी जन्मली. मुलगी आणि जावई घाटापलीकडे धरणाच्या वसाहतीत राहायचे. जावई धरणाच्या वीजघरात कामाला. बाळ दोन मुठींत मावेल एवढं होतं. दर आठवड्याला त्याला एक औषध द्यावं लागायचं, ते आमच्या गावच्या मोठ्या इस्पितळातच मिळायचं आणि बर्फात ठेवून न्यावं लागायचं. एक आठवडा चुकला तर काय होईल, हे डॉक्टरीणबाईंनी मुलीला सांगितलं होतं. मुलीने ते मला फोनवर सांगितलं.

त्यातच घाटात दरड कोसळली. मोठी वाहनं बंद झाली. कडेने एक पट्टी तेवढी राहिली, तिच्यावरून दुचाकी जायची. आमच्या गाडीच्या डाव्या पेटीत बर्फाचा डबा अगदी मापात बसायचा. जाताना नव्वद, येताना नव्वद किलोमीटर. आम्ही दोघं दर आठवड्याला जायला लागलो.

तिसऱ्या खेपेहून परत येताना घाट उतरून आम्ही सपाटीला लागलो होतो. घरचा रस्ता पाठ असल्यामुळे ठिकाण लावलेलं नव्हतं. तरी पडद्यावर झेंडा होता.

"वाच गं," हे म्हणाले.

"झेंडा दिसतोय. त्याच्याखाली नाव नाही."

"अंतर?"

"उरलेलं अंतर, नऊशे चाळीस."

"कुठलं नऊशे चाळीस? बोट लागलं असेल माझं. घरी गेल्यावर पुसू."

घरी त्यांनी चष्मा लावून झेंडा पुसला. गेला. दुसऱ्या दिवशी पेट्रोल भरायला निघालो तर पुन्हा होता. पंप आमच्या घरापासून मावळतीला. जाताना आकडा कमी होत गेला. ठीक आहे, म्हटलं, झेंडा तिकडे असेल. परत उगवतीला वळलो, तरी आकडा कमीच होत गेला.

मी हे सांगितल्यावर ह्यांनी मुद्दाम मैदानाला फेरी मारली. गाडी वळली की निळी रेघही वळायची. पाळलेलं कुत्रं धन्याच्या पुढे पुढे धावतं, तशी ती गाडीच्या तोंडापुढे धावायची आणि पडद्याच्या कडेला जाऊन दिसेनाशी व्हायची. आम्ही कुठेही जात असलो तरी तिकडेच जात होतो.

शोरूमचा मेकॅनिक टक्कल पडलेला, बोलका माणूस होता. त्याने तारा जोडल्या, नकाशा पुसून नवा भरला. गाडी चालू केली. झेंडा होताच.

"काकू, हे वरून येतं. आकाशातून," तो म्हणाला.

"ते मला कळतं. आकडा कमी का होतो ते सांगा."

तो गाडी घेऊन रिंग रोडने एक मोठी चक्कर मारून आला. आकडा जिथल्या तिथे. "बघा! अडकलाय नुसता. शोभेचा आहे. घड्याळ बंद पडलं म्हणून कोणी भिंत पाडतं का?"

आम्ही हसलो. तिथून घरी आलो. शोरूम ते घर जेवढं अंतर आहे, तेवढाच आकडा कमी झाला होता. मी तो वाचून दाखवला. मी फाटकापाशी पोचले तरी मागून खट, खट आलं नाही. वळून पाहिलं. हे कमरेवर हात ठेवून मागच्या सीटकडे बघत उभे होते.

"काय हो?"

"काही नाही." मग त्यांनी फूटरेस्ट मिटले.

पुढच्या खेपेच्या आधी ते एकटेच गाडी घेऊन गेले. तासाभराने आले, हात धुतले, आणि पाठमोरेच म्हणाले, "मी एकटा असलो की आकडा हलत नाही."

"म्हणजे?"

"मेकॅनिक बसला, हलला नाही. मी एकटा बसलो, हलला नाही. तू मागे बसलीस की हलतो."

मी खुर्ची ओढून बसले. सरळ हिशोब होता. उरलेलं अंतर माझं होतं.

"असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही," हे म्हणाले. "पण उगाच कशाला? रस्ता दुरुस्त होईपर्यंत तू घरी राहा. औषध मी पोचवतो."

ते कधी असं बोलत नसत. बसचा ब्रेक नीट झाला की नाही हे ते पायाने दाबून बघायचे, कोणाच्या सांगण्यावर ठेवायचे नाहीत. आता गाडीतल्या एका आकड्याला घाबरून ते मला घरी ठेवत होते, आणि मीही मुकाट्याने राहिले. माझं हेल्मेट पॅसेजमधल्या खुंटीला अडकवलं, ते तिथेच राहिलं.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पायी चाललेलं मोजतात की नाही, कोण सांगणार? मी दुकानात जायचं कमी केलं. समोरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "गुडघे धरले का हो?" मी हो म्हटलं. सगळी बाहेरची कामं हे करायला लागले. भाजी आणायची, इस्पितळात जायचं, बर्फ आणायचा. मला म्हणायचे, "तू बस गं." किल्ली खिशात ठेवायचे आणि गाडीवर कापड टाकून चारी कोपरे बांधायचे. मी आकडा विचारला की म्हणायचे, "होता तिथेच आहे."

असे काही आठवडे गेले. बाळाचं वजन वाढत होतं. घाटात यंत्रं लागली होती.

एका दुपारी हे औषध पोचवून परत येत होते. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. पॅसेजमध्ये कोणीतरी हळू आवाजात बोलत होतं.

मला वाटलं, रेडिओ. रेडिओ बंद होता. मी पॅसेजमध्ये आले. आवाज खुंटीवरच्या हेल्मेटमधून येत होता. ते यंत्र गाडीच्या जवळपास असलं तरच चालायचं, आणि मी बसणं बंद केल्यापासून ते कोणी चार्जही केलं नव्हतं. त्यावरचा दिवा विझलेला होता.

मी कान जवळ नेला. वाऱ्याचा आवाज. इंजिनाचा आवाज. आणि एक बाई वाचत होती.

"पुढे... अरुं... अरुंद पूल. सा... सावकाश जा."

ती जोडाक्षराला अडली, मागे आली, पुन्हा चढली.

"उरलेलं अंतर, दोनशे साठ."

स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की आपला वाटत नाही म्हणतात. मला लगेच ओळखू आला.

मी तिथेच जमिनीवर बसले. बऱ्याच वेळाने दुसरी गोष्ट लक्षात आली. आवाज पुन्हा म्हणाला, दोनशे बावन्न. मग, दोनशे अडतीस. मी तर जागची हलले नव्हते.

हे घरी आले. बाहेर खट, खट असे दोन आवाज झाले. एकटा माणूस गाडीवर गेला होता आणि आल्यावर मागचे फूटरेस्ट मिटत होता.

ते बूट काढायला बसले, तेव्हा मी समोर उभी राहिले.

"एकटा असलो की आकडा हलत नाही म्हणालात."

त्यांनी नाडीची गाठ सोडवली. दुसरी सोडवली. "हलतो," म्हणाले.

"मग माझ्याशी खोटं का बोललात?"

"खरं सांगितलं असतं तर तू किल्ली विहिरीत टाकली असतीस. मग औषध कोण नेणार? जावईबापू? त्यांना सायकलचा तोल सांभाळता येत नाही." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. तो जमला नाही. "आणि आकडा संपेल तेव्हा तू मागे बसलेली नको होतीस."

"मी बसलेच होते की आज." मी म्हणाले. "वाचत होते. खुंटीवरून ऐकलं मी."

ह्यांनी मान वर केली. खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला वाटलं, मलाच ऐकू येतं," ते म्हणाले.

ते उठले, टेबलाचा खण उघडला. त्यांच्या हेल्मेटमधलं बोलायचं यंत्र आत ठेवलेलं होतं, तारा नीट गुंडाळून. "पहिल्यांदा ऐकलं त्याच दिवशी काढून ठेवलं. काही फरक पडला नाही. घाट लागला की सुरू होतं. तुझ्यासारखंच, अडत अडत. आरशात बघायचं नाही, एवढं मी पाळतो."

"आणि फूटरेस्ट?"

"निघताना मिटलेले असतात."

त्या संध्याकाळी आम्ही दिवा लावायचाही विसरलो. मी म्हणाले, उद्यापासून गाडी बंद. ते म्हणाले, अजून एकच खेप आहे. त्यानंतरच्या आठवड्यात घाट मोकळा होणार, मग औषध रुग्णवाहिकेतून जाईल. मी म्हणाले, दुसऱ्याची दुचाकी घ्या. ते म्हणाले, डबा कशात बसतो आणि घाट कोणती चढते, हे बघायला लागलो तर आठवडा जाईल. मी म्हणाले, मी नेते. त्यावर मात्र ते खरंच हसले.

"इकडे ये," म्हणाले. डिझेलचा हिशोब मांडायचे तसा त्यांनी हिशोब मांडला. "आत्ता दोनशे बारा आहेत. जाऊन-येऊन एकशे ऐंशी. बत्तीस उरतात. टाकीत बत्तीस उरलेले असताना मी कधी गाडी ढकलली आहे का? आल्यावर हिला शेडमध्ये लावतो. कायमची. तूच कुलूप घाल."

बाळाचं औषध आणि बत्तीस किलोमीटर. मी मान हलवली.

ते बुधवारी गेले. रात्री मुलीकडे राहिले. संध्याकाळी फोनवर म्हणाले, "पोरगी हसते गं. जबडा तुझा घेतलाय, बोलकी होणार." मी आकडा विचारला. "एकशे बावीस. हिशोब चोख आहे. झोप."

गुरुवारी सकाळी मुलीचा फोन आला. "आई, बाबा निघाले. चहा घेतला, बाळाला उचलून घेतलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ."

"बरं."

"आणि खालचा रस्ता आज बंद केलाय, सुरुंग लावतायत. सगळ्यांना वरच्या रस्त्याने पाठवतायत. बाबांना उशीर झाला तर काळजी करू नकोस."

वरचा रस्ता मला माहीत होता. घाटमाथ्यावरून जातो, दुचाकीपुरताच आहे, त्यावर वस्ती नाही, फोन लागत नाही. खालचा रस्ता सोडून वर वळतो त्या फाट्यावर एक पाटी आहे. ती मी पूर्वी दोनदा वाचली होती, मोठ्याने. वरून गेलं तर किती जास्त पडतं, ते त्यावर लिहिलेलं आहे.

बत्तीस.

मी बोटांवर मांडलं. पुन्हा मांडलं. एकशे बावीस आमच्या फाटकाशी संपत होते.

ह्यांना फोन लावला. लागला नाही. लावत राहिले. लागला असता तरी त्यांनी उचलला नसता, चालत्या गाडीवर फोन घ्यायचा नाही ही डेपोची शिस्त. मी मुलीला काही सांगितलं नाही. तिच्या मांडीवर बाळ होतं. दार उघडं ठेवून मी पॅसेजमध्ये बसून राहिले. एकच गोष्ट करायची होती. त्यांना कुठेही, घराच्या अलीकडे कुठेही थांबवायचं. गाडीवरून उतरले की चालत येऊ देत, दोन दिवस लागू देत.

दुपार झाली. खुंटीवर हेल्मेट गप्प होतं.

मग वारा ऐकू आला.

"घाट... समाप्त," माझा आवाज म्हणाला. "उरलेलं अंतर, एकोणीस."

मी हेल्मेट काढलं आणि डोक्यात घातलं. आत थंड होतं, बाहेर बराच वेळ राहिल्यासारखं.

"अहो," मी म्हणाले. "अहो, ऐकता का? थांबा. गाडी बाजूला घ्या. आहात तिथेच उतरा."

इंजिनाचा आवाज.

"उरलेलं अंतर, बारा."

"अहो, थांबा हो!"

"कोण बोललं गं?" हे म्हणाले.

त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. प्रश्न मला नव्हता. गाडी चालवताना मान किंचित मागे करून विचारायचे, तसा होता.

माझा आवाज म्हणाला, "कोणी नाही. चला."

मी ओरडले. किती वेळ ओरडले माहीत नाही. शिंपीणबाईंना पलीकडे ऐकू गेलं, असं त्या नंतर म्हणाल्या.

"सात."

"तीन."

मग इंजिनाचा आवाज हेल्मेटमध्येही होता आणि बाहेरही.

स्टँड पडल्याचा आवाज आला. इंजिन बंद झालं.

मी हेल्मेट काढून बाहेर धावले. गाडी फाटकाशी नेहमीच्या जागी, नेहमीच्या कोनात उभी होती. तापलेलं इंजिन टिकटिक करत होतं. ह्यांचं हेल्मेट डाव्या आरशाला अडकवलेलं, त्यात हातमोजे घालून ठेवलेले. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता. मी हाका मारल्या. शेडमध्ये पाहिलं, घरामागे पाहिलं.

घरात फोन वाजत होता.

रस्त्याच्या कामावरचा मुकादम बोलत होता. माथ्यावरच्या वळणाशी किलोमीटरच्या दगडाला टेकून एक वयस्कर गृहस्थ बसले होते. जाकिटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, डोकं उघडं, हात गुडघ्यांवर. मजुरांनी सकाळपासून पाहिलं होतं, वाटलं, ऊन खात बसलेत. जेवणाच्या सुट्टीत एकाने चहा नेऊन दिला, तो त्यांनी घेतला नाही. खिशात आमचा नंबर होता.

"आणि गाडी?" मी विचारलं.

"गाडी नव्हती हो बाई. आम्हीही तेच म्हणतोय, एवढ्या वर चालत कसे आले."

डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. वेळ सकाळची लिहिली, मुलीकडून निघाल्यावर थोड्याच वेळाची.

घाट पुढच्या आठवड्यात मोकळा झाला. नातीचं औषध एकदाही चुकलं नाही. आता ती शाळेत जाते आणि जोडाक्षराला अडत नाही. गाडी शेडमध्ये आहे. कुलूप मी घातलं.

गाडी कोणी आणून ठेवली, असं लोक अजून विचारतात. मी त्या दुपारी काय पाहिलं तेवढं सांगते. पडदा चालू होता. झेंडा नव्हता, आकडा नव्हता. आणि मागचे दोन्ही फूटरेस्ट उघडे होते.

आमचे हे, बस डेपोचे निवृत्त फोरमन, नात चार महिन्यांची असताना, गुरुवारी सकाळी घाटमाथ्यावर वारले. गाडी दुपारी घरी आली.